चार्जिंगची पाळी: चाळीस फ्लॅट, एक डीपी आणि वाढत्या गाड्या

सोलापुरातल्या विजापूर रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या खजिनदारबाईंनी विचारलं आहे. ४० फ्लॅट. सध्या ३ इलेक्ट्रिक कार आणि ११ स्कूटर. आणखी पाच-सहा घरांत कार घेण्याचं चाललंय. एका विक्रेत्याने ७.४ किलोवॅटचे १० ‘स्मार्ट’ चार्जर बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे. बाहेरची २०० केव्हीएची (ढोबळमानाने २०० किलोवॅटची) डीपी, म्हणजे रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर, शेजारच्या दोन इमारतींनाही वीज देते. ती टिकेल का? गाड्या रात्री चार्ज करायच्या की दिवसा? शिवाय त्यांच्या दिरांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, छतावर ५० किलोवॅट सोलर आहे. तिथे ‘फास्ट चार्जर’ लावून धंदा होईल का?

ताई, आधी दहा चार्जरचा प्रस्ताव बाजूला ठेवा. पाण्याच्या दिवसापासून सुरुवात करू, कारण सोलापुरात हा विषय समजवायला त्याहून सोपं उदाहरण नाही.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि बल्ब मंद होतात. शेवटच्या घरातला पंखा रडतखडत फिरतो. त्या दिवशी गल्लीने एकूण वीज काही फार वापरलेली नसते. तेवढीच वीज आठवडाभर थोडी थोडी वापरली असती तर कुणाला कळलंही नसतं. सगळ्यांनी एकाच तासात मागितली, एवढंच झालं. इलेक्ट्रिक गाड्यांचं नेमकं असंच आहे.

हिशेब मांडू. गावातल्या गावात फिरणारी कार दिवसाला साधारण ३५ किलोमीटर चालते. एका युनिटमध्ये सात किलोमीटर धरा, म्हणजे ५ युनिट. चार्जिंगमधली गळती धरून साडेपाच. उद्या चाळीसच्या चाळीस घरांत कार आली तरी रोज २२० युनिट झाले. हे २२० युनिट रात्रीच्या आठ तासांत पसरले तर सरासरी भार साडेसत्तावीस किलोवॅट येतो. २०० केव्हीएच्या डीपीवर एवढा भार आपल्या वाट्याला मिळवणं अशक्य नाही. आता त्याच चाळीस गाड्या संध्याकाळी साडेसातला ऑफिसातून आल्या आल्या ७.४ किलोवॅटने लावा: २९६ किलोवॅट. डीपीची अख्खी ताकद याच्यापुढे कमी पडते, आणि शेजारच्या दोन इमारती अजून मोजल्याच नाहीत. युनिट तेवढेच, गाड्याही त्याच, बदलली ती फक्त वेळ.

स्कूटरची काळजी करू नका. रोज पंचवीस किलोमीटर चालणारी स्कूटर एक युनिटही खात नाही. अकरा स्कूटर एकदम लावल्या तरी आठेक किलोवॅट, म्हणजे तीन-चार गीझर. तुमच्याकडे थंडीत सकाळी सहाला याहून जास्त गीझर चालू असतात.

आता डीपीचं. २०० केव्हीएच्या डीपीला पूर्ण भारावर दर फेजला (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी प्रत्येकीला) साधारण २६५ ॲम्पिअर येतात. त्याहून थोडं जास्त झालं म्हणून ती लगेच जळत नाही. तेलात बुडवलेलं जडशीळ यंत्र आहे ते, तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. खरा शत्रू उष्णता. आतल्या वाइंडिंगवर कागदाचं इन्सुलेशन असतं. आंतरराष्ट्रीय मानकात सर्वात तापलेल्या जागेचं ९८ अंश सेल्सिअस हे नेहमीच्या आयुष्याचं तापमान धरतात आणि त्यावर दर ६ अंशांना कागद दुप्पट वेगाने म्हातारा होतो. म्हणजे ११० अंशांवर चौपट. पुण्यात वा महाबळेश्वरला डीपी रात्री थंड होते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर गेलेलं ऊन पत्र्यातून आणि भिंतीतून रात्री अकरापर्यंत बाहेर पडत राहतं, आणि नेमके त्याच वेळी नऊ ते अकराच्या दरम्यान घराघरांतले एसी सुरू होतात. डीपीला विसावा मिळायच्या वेळेवरच घाला. त्यात साडेसातला लावलेल्या गाड्या आल्या, तर डीपीची तक्रार लगेच येणार नाही. चार-पाच उन्हाळ्यांनी येईल, आणि तेव्हा कुणालाच कारण आठवणार नाही.

म्हणून विक्रेत्याला फोन करायच्या आधी वायरमनला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून ॲम्पिअर मोजणारा चिमटा) घेऊन बसवा. उन्हाळ्यातले सात दिवस, संध्याकाळी सात ते रात्री बारा, दर अर्ध्या तासाला तिन्ही फेज आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार. वहीत लिहा. यातला एक दिवस पाण्याचा असू द्या. बाहेरची डीपी महावितरणची आहे, तिला हात लावायचा नाही, तिच्या भाराची माहिती लेखी अर्ज करून मागा. तुमच्या हातात आहे ती इमारतीची मेन केबल आणि मीटर पॅनल.

न्यूट्रल मुद्दाम म्हटलं. होटगी रस्त्यावरच्या एका इमारतीत मला बोलावलं होतं, तक्रार ‘लाइट उड्या मारतात’. तीन कार चार्जर होते, सिंगल फेजचे. ज्याने बसवले त्याने पॅनलच्या डाव्या बाजूला मोकळी जागा दिसली म्हणून तिन्ही त्याच फेजवर टाकले. मी रात्री साडेनऊला मोजले: आर फेजवर ११८ ॲम्पिअर, वायवर ६१, बीवर ४७. तिन्ही फेज सारखे असते तर न्यूट्रलमधून जवळपास काहीच गेलं नसतं. इथे ६५ ॲम्पिअर वाहत होते. माझा वायरमन पॅनलच्या दाराजवळ हात नेऊन म्हणाला, “साहेब, न्यूट्रल गरम हाय की ओ.” ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल, तांब्याच्या बसबारवर (पॅनलमधल्या पट्टीवर) साधी लग, म्हणजे केबलच्या टोकाची पकड, मध्ये दोन धातू जोडणारी बायमेटल लग नाही, बोल्टखाली राखाडी भुकटी आणि इन्सुलेशनला तपकिरी कडा. तो बोल्ट आणखी महिनाभर तसाच राहिला असता तर न्यूट्रल सुटला असता, आणि न्यूट्रल सुटला की हलक्या भाराच्या फेजवरच्या घरांत तीनशेच्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. टीव्ही, फ्रिज, राउटर एका फटक्यात. दुरुस्ती काय केली? दोन चार्जर वाय आणि बीवर हलवले, लग बदलली. सॉफ्टवेअरचा एक रुपयाही लागला नाही. कुठलाही ‘स्मार्ट’ चार्जर घेण्याआधी हे काम.

आता ‘स्मार्ट’ म्हणजे काय ते. भिंतीवर लटकणाऱ्या एसी (घरात येते त्याच विजेवरच्या) चार्जिंगच्या खोक्याला आपण चार्जर म्हणतो, पण बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीत असतो. भिंतीवरचं खोकं म्हणजे एक सुरक्षित स्विच, आणि त्याच्याजवळ गाडीला सांगायला एकच निरोप: “तुला इतके ॲम्पिअर घ्यायची मुभा आहे.” हा निरोप केबलमधल्या एका बारीक तारेवरून जातो. सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल असतो. त्यातला ‘चालू’चा वाटा १० टक्के असेल तर गाडी ६ ॲम्पिअर घेते, ५० टक्के असेल तर ३०. गाडी हे ऐकते, ऐकायलाच हवं, मानकातच तसं आहे. आणि ६ ॲम्पिअरच्या खाली निरोप देता येत नाही. त्याहून कमी द्यायचे असतील तर गाडी थांबवावी लागते.

या ६ ॲम्पिअरकडे लोक तुच्छतेने बघतात, म्हणून त्याचाही हिशेब देतो. २३० व्होल्टवर ६ ॲम्पिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. चार तासांत साडेपाच युनिट. वर काढलेली कारची रोजची गरज नेमकी एवढीच होती. तुमची गाडी रात्री आठ ते सकाळी आठ उभी असते, बारा तास. तिला चार तास मिळाले की झालं, तेही सर्वात हळू वेगाने. मग ७.४ किलोवॅटचे दहा चार्जर एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालायला हवेत, हा हट्ट कुणाचा? विक्रेत्याचा.

गावाकडे पाटाला पाणी सुटलं की पाटकरी पाळी लावून देतो. आज कुणाचा बांध, उद्या कुणाचा, आणि पाट भरून वाहत असेल तर दोघांना एकदम. सोसायटीचं स्मार्ट चार्जिंग म्हणजे हा पाटकरी. मेन केबलवर तीन सीटी (तारेतला प्रवाह मोजणाऱ्या कड्या) बसवायच्या, त्या दर काही सेकंदांना इमारतीचा एकूण भार मोजतात. उरलेले ॲम्पिअर एक छोटा नियंत्रक गाड्यांमध्ये वाटतो. रात्री साडेनऊला एसी जोरात आहेत, एका फेजवर फक्त २० ॲम्पिअर शिल्लक आहेत, तर त्या फेजवरच्या तीन गाड्यांना सहा-सहा आणि चौथी थांबेल. साडेअकराला शिल्लक वाढली की चौथी सुरू. पहाटे तीनला सगळे पूर्ण वेगाने. पंप सुरू झाला की काही सेकंदांत सगळे खाली. कुणी झोपेतून उठत नाही. इंग्रजीत याला डायनॅमिक लोड मॅनेजमेंट म्हणतात आणि माझ्या मते सोसायटीने पैसे द्यावेत ते याच एका गोष्टीसाठी. मोबाइलवर रंगीत आलेख दाखवणारं ॲप ही हौस आहे.

नुसत्या टायमरवर भागेल का? तीन-चार गाड्यांपर्यंत भागतं. पण माझी एक फजिती ऐका. एका छोट्या इमारतीत चार कार होत्या आणि कॉमन मीटरवर ६३ ॲम्पिअरचा एमसीसीबी, म्हणजे भार वाढला की पडणारा मोठा ब्रेकर. मी मोठ्या शहाणपणाने चारही टायमर रात्री बाराला लावले. फेज तीन, गाड्या चार, त्यामुळे एका फेजवर दोन गाड्या आल्या: ६४ ॲम्पिअर. जवळपास काठावर, पण मी म्हटलं चालेल. तिसऱ्या रात्री बाराला पाणी आलं, पंपही लागला आणि काही मिनिटांत एमसीसीबी पडला. सकाळी चार गाड्या रिकाम्या, लिफ्ट बंद, टाकीत पाणी अर्धं आणि सात वाजता माझा फोन वाजला. माझी चूक सरळ होती. गर्दी संध्याकाळहून उचलली आणि बारावर नेऊन ठेवली. ब्रिटनमध्ये हाच धडा कायद्यात लिहिला आहे: ३० जून २०२२ पासून तिथल्या घरगुती चार्जरमध्ये सुरुवातीला दहा मिनिटांपर्यंत यादृच्छिक विलंब टाकावा लागतो, म्हणजे स्वस्त दराची वेळ लागताच लाखो गाड्या एकाच सेकंदाला सुरू होत नाहीत. चार गाड्यांना मी आता टायमर बारा, एक, दोन असे वेगळे लावतो.

दिवसा की रात्री? वर्षानुवर्षं रात्रीची वीज स्वस्त, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. एमआयडीसीत रात्री १० ते सकाळी ६ ची सवलत मिळायची म्हणून कित्येकांनी रात्रपाळी त्यावर आखली. सोलरने हे उलटं केलं. देशाची कमाल मागणी ३० मे २०२४ ला अडीचशे गिगावॅटपर्यंत गेली, तीही भर दुपारी, आणि निभावली, कारण दुपारी सूर्य हाताशी होता. अडचण येते सूर्य मावळल्यावर. घराघरांत दिवे लागतात, सोलर शून्यावर येतं आणि फताटेवाडीच्या एनटीपीसीसारख्या ६६० मेगावॅटच्या कोळशाच्या युनिटांना दुपारी दबून बसून संध्याकाळी पटकन वर चढावं लागतं. मोठ्या बॉयलरला हे आवडत नाही. म्हणून केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सौर तासांचा दर किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद आली. सार्वजनिक चार्जिंगसाठी ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट असा ढाचा दिला आहे. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि तो फिरत राहतो, म्हणून तुमच्या ताज्या बिलामागचा तक्ता हाच प्रमाण.

तेव्हा ज्यांची गाडी दिवसा घरी उभी असते (निवृत्त मंडळी, घरून काम करणारे), त्यांनी सकाळी दहाला लावावी. बाकीच्यांनी मध्यरात्रीनंतर. संध्याकाळी सहा ते अकरा ही वेळ सोसायटीच्या ठरावातच टाळायची म्हणून लिहा. अडीनडीला कुणाला पंढरपूरला निघायचं असेल तर पाळी मोडायची सोय ठेवा, पण तेव्हाचा दर थोडा चढा लावा. फुकट सवलतीचा गैरवापर कसा होतो, ते खजिनदाराला मी काय सांगू?

मीटरचा प्रश्नही यातच आला. घराच्या मीटरवरून कार चार्ज केली तर महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट वाढतात आणि ३०० युनिटांच्या आत राहणारं घर वरच्या स्लॅबमध्ये ढकललं जातं. लोक म्हणतात, “गाडी पेट्रोलपेक्षा स्वस्त आहे, पण बिल का एवढं?” कारण ते वरचे सगळे युनिट महाग दराने लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या ग्राहक हक्क नियमांनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. सोसायटीच्या नावाने एक ईव्ही मीटर घ्या, आतून प्रत्येक चार्जरचे युनिट मोजून सभासदांना वाटा. या जोडणीचा मंजूर भार ठरवताना दहा चार्जरची बेरीज, ७४ किलोवॅट, लिहून देऊ नका. पाटकरी बसवला असेल तर पंचवीस-तीस पुरतात आणि दर महिन्याचा स्थिर आकारही त्याच मापात बसतो. बहुतेक सोसायट्यांचे पैसे मला इथेच वाया जाताना दिसतात.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. इंटरनेट गेलं तर भारवाटप चालू राहतं का? नियंत्रक इमारतीत असेल तर राहतं, सगळा कारभार कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर असेल तर नाही. चार्जर ओसीपीपी (चार्जर आणि सर्व्हर यांच्यातली भाषा) १.६ किंवा २.०.१ बोलतो का, आणि उद्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला जोडायची परवानगी लेखी देता का? ही भाषा खुली आहे. कंपनी बुडाली तरी खोकं भंगारात जात नाही. आणि मेन केबलवरच्या सीटी किमतीत धरल्या आहेत का? या तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळेल त्याचा ‘स्मार्ट’ फक्त कागदावर आहे.

सुरक्षेचं थोडक्यात: प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र ३० मिलिॲम्पिअरची आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. स्कूटरची बॅटरी जिन्याखाली लावू देऊ नका. पळणं अवघड होतं. आणि मे महिन्यात दुपारी फिरून आलेली स्कूटर अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या, मग लावा.

गाडीतून ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला वीज परत देण्याची, व्ही-टू-जीची चर्चा तुमच्या विक्रेत्याने केली असेल. तंत्र खरं आहे, आयएसओ १५११८-२० या २०२२ च्या मानकात त्याची भाषाही ठरली आहे. पण तुमच्या पार्किंगमधल्या तीन गाड्यांसाठी त्याचे पैसे आज देऊ नका.

आता दिरांचा कारखाना. छतावर ५० किलोवॅट, म्हणजे स्वच्छ उन्हात दिवसाला दोनशेच्या आसपास युनिट. त्यातले बरेचसे माग दिवसा खाऊन टाकतात. एकेका मागाची मोटार साधारण एका एचपीची, चोवीस मागांचे अठरा किलोवॅट सहज. उरतं ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणि साप्ताहिक सुट्टीला. एक ३० किलोवॅटचा डीसी चार्जर (थेट बॅटरीत वीज भरणारा तो ‘फास्ट चार्जर’) दर फेजला चव्वेचाळीस-पंचेचाळीस ॲम्पिअर घेतो. माग चालू असताना तो लागला की कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे महावितरणशी ठरलेली भाराची मर्यादा, ओलांडली जाईल. मीटर ठरावीक मिनिटांची सरासरी धरतो, त्यामुळे एका गाडीची वीस मिनिटांची घाई अख्ख्या महिन्याचा डिमांड चार्ज चढवू शकते. वर टॉवेल कारखान्याची हवा. डीसी चार्जर पंख्याने हवा ओढून थंड होतो. कापसाचे तंतू फिल्टरवर नमद्यासारखे बसतात आणि आतलं तापमान वाढलं की यंत्र आपोआप ताकद कमी करतं. मग ३० किलोवॅटचा चार्जर १८ देतो आणि गिऱ्हाईक दमून निघून जातं.

शिवाय गिऱ्हाईक कोण? पुण्याहून अडीचशे किलोमीटर येणारी कार महामार्गावर थांबेल, चहा आणि स्वच्छतागृह जिथे आहे तिथे. एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत ती येणार नाही. तिथे रोज येतात त्या सुताच्या गोण्या आणि टॉवेलचे गठ्ठे वाहणाऱ्या मालवाहू तीनचाकी. त्या डीसी चार्जरला सहसा लागतच नाहीत. त्यांना तीनेक किलोवॅटचा साधा एसी पॉइंट हवा आणि माल उतरेपर्यंतचे दोन तास. चार पॉइंट, शेडच्या बाहेर, तंतूंपासून दूर, वर पत्र्याची सावली. दुपारी बारा ते तीन सोलर भरात असताना चारही चालू. माग जोरात असले की दोनच. तोच पाटकरी, तोच हिशेब. खर्च डीसी चार्जरच्या कितीतरी कमी, आणि डिमांडची चिंता नाही. गाड्या चार्ज करून पैसे घेण्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही, केंद्राने २०१८ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. मात्र सोलरच्या नेट मीटरिंगच्या (जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करण्याच्या) करारात या वापराला अडचण नाही ना, एवढं महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यायला सांगा.

तुमच्या इमारतीचे सात दिवसांचे आकडे झाले की वहीच्या पानाचा फोटो पाठवा. पंप आणि लिफ्ट कोणत्या फेजवर आहेत तेही त्यावर लिहा, आणि पाणी आलं त्या रात्रीच्या ओळीवर खूण करा.